चौथे वर्ष कोणासाठी?

गडचिरोलीच्या एस.टी. स्थानकावर मध्यंतरी एका विद्यार्थ्याची गाठ पडली. धानोरा तालुक्यातील एका गावचा हा मुलगा. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. त्याचे वडील तेंदूच्या हंगामात ग्रामसभेच्या फळीवर पुड्यांचा हिशेब लिहितात आणि एरवी दोन-अडीच एकरांत धान करतात. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर त्याने विचारले, "सर, तीन वर्षांत मोकळे व्हावे की चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यावे? आणि घेतलेच तर ते कशाच्या उपयोगी पडते?" अर्थशास्त्र शिकविण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. खर्च आणि लाभ यांची तुलना फळ्यावर किती वेळा मांडली असेल, त्याला गणती नाही. तरीही त्याची गाडी लागेपर्यंत मला त्याला सरळ उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचा आराखडा आणि राज्याचे शासननिर्णय पुन्हा काढून वाचले, तेव्हा ध्यानात आले की या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाच्या बुद्धीवर फारसे अवलंबून नाही. तो कोणत्या तालुक्यात शिकतो, यावर ते अवलंबून आहे.

योजना काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. कारण आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयात जाणारी मुले आहेत आणि प्रवेशाच्या अर्जावरील शब्द पालकांना उमगेनासे झाले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यावर आधारलेला पदवीचा आराखडा आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, असे त्याचे माप. एका वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स. आयोगाने तीन वर्षांसाठी किमान १२० व चार वर्षांसाठी किमान १६० श्रेयांक ठरविले. महाराष्ट्रात हे आकडे १३२ आणि १७६ पर्यंत जातात, म्हणजे सत्राला बावीस. चौथ्या वर्षालाही दोन फाटे आहेत. एक साधे ऑनर्स, ज्यात मुख्य विषयाच्या वरच्या पातळीवरच्या अभ्यासपत्रिका असतात. दुसरे संशोधनासह ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यालाच ते घेता येते आणि त्यात बारा श्रेयांकांचा प्रबंध असतो. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यास एम.ए. दोन वर्षांचे, चार वर्षे केलेल्यास एका वर्षाचे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळविणारा पीएच.डी.च्या प्रवेशालाही थेट पात्र ठरतो. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांनी हा पट २०२३-२४ मध्ये मांडला, संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ मध्ये. म्हणजे साध्या, तालुक्याच्या महाविद्यालयातील पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाच्या दाराशी उभी राहील. दार कोठे असेल आणि कोठे नुसती भिंत, हे त्याआधीच ठरणार आहे.

विरोधासाठी विरोध करण्याचा माझा हेतू नाही, हे येथेच नमूद करतो. ऑनर्स ही कल्पना वाईट नाही. एका विषयात खोल उतरणे, एखादा प्रश्न स्वतः निवडून वर्षभर त्याच्या मागे लागणे, हे पदवीच्या वयात ज्याने केले त्याच्या विचाराला निराळी शिस्त लागते. स्कॉटलंडमध्ये तीन वर्षांची साधी पदवी आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी शेजारी शेजारी चालत आल्या आहेत आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नाही. आमच्या पिढीने नागपूर विद्यापीठाचे बी.ए. तीन ऐच्छिक विषय सारख्या वजनाने घेऊन केले. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास किंवा मराठी वाङ्मय, सर्वांचे थोडे थोडे. त्यामुळे एम.ए.च्या वर्गात आल्यावर दिल्लीच्या ऑनर्सवाल्या मुलांची पुस्तके पाहून छाती दडपत असे. आपल्या मुलांनाही तेवढे खोल पाणी मिळावे असे मला तेव्हा वाटे, आजही वाटते.

दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये घाईघाईने चार वर्षांची पदवी आणली आणि विद्यार्थी-शिक्षकांच्या विरोधानंतर जून २०१४ मध्ये ती मागे घेतली गेली, हे अनेकांना स्मरत असेल. तेव्हा विरोध करणाऱ्यांचा मुद्दा घाईबद्दल होता तसा वाढीव वर्षाच्या खर्चाबद्दलही होता. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, तेव्हाही पुष्कळ गोंधळ उडाला होता. परंतु एकूण वर्षांची बेरीज पूर्वीइतकीच, पंधरा, राहिली होती. या वेळी बेरीज सोळा होते. गरिबाच्या घरात एका वर्षाची वाढ ही कागदावरील वाढ नसते.

आता दाराकडे वळू. संशोधनासह ऑनर्स सुरू करू इच्छिणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम शिक्षक हवेत, ग्रंथालय व नियतकालिके हवीत, संगणक व प्रयोगशाळा हव्यात, अशी आयोगाची अट आहे. अट मुळात रास्त आहे. मार्गदर्शक नसताना प्रबंध लिहून घेणे म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळवून देणे होय. परंतु ही अट चंद्रपूर व गडचिरोलीच्या नकाशावर ठेवून पाहा. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे निघाले, ते याच दोन जिल्ह्यांसाठी. त्यापूर्वी सिरोंचाच्या मुलाला विद्यापीठातील लहानशा कामासाठी नागपूरपर्यंतचा प्रवास करावा लागे. सिरोंचापासून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नागपूर त्याही पलीकडे. विद्यापीठ जवळ आले ही मोठी गोष्ट झाली आणि ती झटून मिळवावी लागली. तथापि विद्यापीठ जवळ आल्याने प्राध्यापक जवळ येत नाहीत. चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी येथील जुन्या महाविद्यालयांत काही विभाग ही अट पुरी करू शकतील. एटापल्ली, भामरागड, कोरची, सिरोंचा, जिवती येथे एका विषयाला दोन कायम शिक्षक आणि दोघेही मान्यताप्राप्त मार्गदर्शक, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. भरती वर्षानुवर्षे रखडलेली. तासिका तत्त्वावरील शिक्षक एका महाविद्यालयातील तास उरकून दुसरे गाव गाठण्यासाठी मोटारसायकलला किक मारतात. ते शिकवतात मनापासून, हे मी जवळून पाहिले आहे. पण आयोगाच्या अटीत ते मोजले जात नाहीत, आणि उन्हाळ्यात त्यांना वेतनही नसते.

परिणाम उघड आहे. ज्याला ७५ टक्के गुण मिळतील अशा भामरागडच्या मुलीला चौथ्या वर्षासाठी गाव सोडावे लागेल. चंद्रपूरची मुलगी घरून डबा घेऊन जाईल. दोघींची गुणपत्रिका सारखी, पदवीचे नाव सारखे, आणि दोघींनी मोजलेली किंमत मात्र किती निराळी!

अर्थशास्त्राच्या शिक्षकाने येथे थोडा हिशेब केला पाहिजे. ज्याला एम.ए. करायचेच आहे त्याची वर्षे वाढत नाहीत. तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, बेरीज पाचच. ज्याला पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेला बसायचे आहे त्याला तिसऱ्या वर्षानंतर थांबता येते; त्याचेही नुकसान नाही. मग नुकसान कोणाचे? ज्याला पुढे शिकायचे आहे, पण घराबाहेर राहण्याचा खर्च केवळ शेवटच्या टप्प्यावरच झेपतो, त्याचे. आजवर तो तालुक्याच्या गावी तीन वर्षे काढून मग दोन वर्षांसाठी बाहेर पडत असे, किंवा आपल्याच महाविद्यालयातील एम.ए.चा वर्ग गाठत असे. आता हुशार मुले तिसऱ्या वर्षानंतर ऑनर्ससाठी शहराकडे निघाली, तर येथील एम.ए.चे वर्ग रिकामे पडतील ही माझी भीती आहे. वर्ग रिकामा पडला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षकाचे पद जाते, आणि पद गेले की दोन मार्गदर्शकांची अट पुरी होण्याची शक्यताही जाते. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबवणे फार कठीण. ग्रामीण महाविद्यालयांतील विज्ञानशाखांच्या बाबतीत आपण ते पाहिलेच आहे.

याहून गंभीर गोष्ट मधल्या दारांची आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका ही तरतूद गरिबांच्या सोयीची म्हणून सांगितली जाते. शिक्षण अर्धवट सुटलेल्याच्या हातात निदान काही तरी कागद राहील, असा युक्तिवाद आहे. मी तो सहज उडवून लावणार नाही. पण कागदाला बाजारात काय भाव आहे हे पाहिले पाहिजे. आपल्या भागातील तरुणांच्या डोळ्यांसमोर ज्या सरकारी नोकऱ्या असतात त्या घ्या. पोलीस शिपाई बारावीवर. वनरक्षक बारावीवर, अनुसूचित जमातीच्या उमेदवारास दहावीवर. तलाठी पदवीवर. या पायऱ्यांच्या मध्ये बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या प्रमाणपत्राला कोठे जागा आहे? बारावीहून वर आणि पदवीहून खाली, असा तो त्रिशंकू कागद आहे. सेवाप्रवेशाचे नियम बदलत नाहीत तोवर शिक्षण सोडून गेलेला मुलगा पूर्वी 'नापास' किंवा 'गळालेला' म्हणवला जाई, तो आता 'प्रमाणपत्रधारक' म्हणवला जाईल, एवढाच फरक. गळतीचा आकडा मात्र अहवालातून नाहीसा होईल. ज्यांच्या हाती अहवाल लिहिणे आहे त्यांची यात सोय आहे, हे नाकारता येणार नाही.

शिवाय हे दारही फुकट नाही. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव पुरा करावा लागतो. हा नियम लिहिणाऱ्यांनी गडचिरोलीचा उन्हाळा कधी पाहिला नसावा. चैत्रात मोहफूल, मे महिन्यात तेंदू. सत्तर पानांचा पुडा बांधायला घरातील शाळकरी पोरेही पहाटे तीनला जंगलात असतात. वर्षभराच्या रोख कमाईचा मोठा हिस्सा या थोड्या दिवसांत घरात येतो. त्यातूनच पुढल्या जूनची फी आणि वह्या होतात. त्याच महिन्यात त्या मुलाने तालुक्याच्या गावी जाऊन एखाद्या संस्थेत 'कार्यानुभव' घ्यावा, अशी अपेक्षा आहे. परत येण्याची मुभा आहे खरी, तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश आणि एकूण सात वर्षांत पदवी. पण परत येणाऱ्याची वसतिगृहातील जागा राहील काय? शिष्यवृत्ती मधल्या खंडानंतर सुरू होईल काय? श्रेयांकांची पेढी आहे, श्रेयांक तेथे सुरक्षित राहतील. मुलगा कोठे राहील याची पेढी अद्याप कोणी काढलेली नाही.

एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. आदिवासी विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भोजन-निवासासाठी रक्कम देणाऱ्या राज्याच्या योजनेचे नाव 'स्वयम्'. आणि ज्या केंद्रीय व्यासपीठावरून घरबसल्या अभ्यासक्रम करून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवता येतात त्याचेही नाव 'स्वयम्'. एका स्वयम्‌ची रक्कम उशिरा येते, दुसऱ्या स्वयम्‌ला मोबाईलचा टॉवर लागतो. दोन्ही मिळून अर्थ एकच निघतो, की बाबा रे, तुझे तू पाहून घे.

निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल फार बोलले जाते. मुख्य विषय, उपविषय, खुले ऐच्छिक, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रकार्य, समाजसंपर्क अशी यादी लांबलचक आहे. एस.टी.च्या कँटीनच्या फळ्यावर पदार्थांची अशीच यादी असते आणि विचारले की पोहेच शिल्लक असतात. निवड ही पुरवठ्यावर अवलंबून असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातले सत्य आहे. जेथे चार-पाच विषयांचे शिक्षक आहेत तेथे उपविषयाची निवड म्हणजे उरलेल्या तिनांपैकी एक. मग त्या चार-पाच शिक्षकांनाच दोन-दोन श्रेयांकांच्या सुट्या अभ्यासपत्रिका वाटून दिल्या जातात आणि अर्थशास्त्राचा शिक्षक सकाळी समष्टीलक्षी सिद्धांत व दुपारी योग शिकवतो. ज्या विषयात खोल उतरावे म्हणून ऑनर्सची योजना, त्याच विषयाचे तास या फुटकळ गोष्टींनी कुरतडले जातात. पूर्वीच्या बी.ए.मध्ये खोली कमी होती. आता रुंदीचीही चाळण झाली आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हे सारे नाकारा, मोर्चा काढा, प्रश्न मिटला. आपल्या मित्रांपैकी काहींची ही भूमिका आहे. मला ती अपुरी वाटते. कारण दुसरी बाजूही आपल्या याच दोन जिल्ह्यांनी दाखवून दिली आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही.

'संशोधन' हा शब्द काढला की आपली तालुक्याची महाविद्यालये घाबरतात. जणू संशोधन म्हणजे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत चालणारी गोष्ट. वस्तुतः महाराष्ट्रातील ज्या संशोधनाची गेल्या चाळीस वर्षांत जगाने दखल घेतली, त्यातले काही थोर काम गडचिरोलीच्या खेड्यांत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की ९२ टक्के स्त्रिया स्त्रीरोगांनी ग्रासलेल्या होत्या आणि आरोग्ययंत्रणेला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये तीच पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या द्वारा देशभर नेण्याचे ठरले. त्या प्रयोगात बाळाचे वजन करणाऱ्या, श्वास मोजणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या बाया कोणत्या विद्यापीठाच्या पदवीधर होत्या? मोजायचे काय आणि का, हे त्यांना नीट समजावून दिले होते. बाकीचे त्यांनी केले.

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातलेच, मेंढा (लेखा) या गावाचे. वनहक्क कायदा २००६ चा; त्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणारे हे देशातील अगदी पहिल्या गावांपैकी एक. हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्यात तेव्हा बांबू हा 'वृक्ष' होता. नव्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज. गाव म्हणाले, आम्ही नवा कायदा वाचला आहे. वनखाते म्हणाले, आम्ही जुना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या लढ्याशी जोडलेली आहेत. पण मला येथे सांगायची आहे ती त्यामागची पद्धत. या गावात निर्णयाआधी अभ्यासगट बसत असे. प्रश्न मांडायचा, माहितगार माणसाला बोलवायचे, कायद्याचे कलम वाचून घ्यायचे, वाद घालायचा, आणि एकमत होईस्तोवर घाई करायची नाही. हक्क कोणाचा, वस्तूची व्याख्या कोण करतो, व्याख्या बदलली की नफा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जातो, ही मालमत्ता-हक्कांच्या अर्थशास्त्रातील अव्वल दर्जाची चर्चा होती. मी एम.ए.च्या वर्गात ती पुस्तकातून शिकवीत होतो, आणि माझ्या वर्गापासून काही मैलांवर ती गावाच्या चावडीत चालली होती. दोन्ही ठिकाणांना जोडणारा रस्ता मी बांधला नाही, ही माझी चूक आहे आणि ती येथे कबूल करतो.

तो रस्ता बांधायला ऑनर्सचे बारा श्रेयांक उपयोगी पडू शकतात. आज दोन्ही जिल्ह्यांतील कित्येक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. करारनामा कसा लिहिला, ठेकेदाराने अनामत किती ठेवली, मजुरी किती आणि स्वामित्वधन किती, भाव पडल्यावर कोणत्या गावाने कसे निभावले, ठेकेदाराने पैसे बुडविले तर पुढे काय केले, याचा तालुकावार अभ्यास बी.ए.चा विद्यार्थी एका वर्षात उत्तम करील. कारण कागद त्याच्या घरात आहेत आणि भाषा त्याच्या तोंडात आहे. स्थानकावर भेटलेल्या मुलाचा प्रबंध त्याच्या वडिलांच्या वहीत पडून आहे. सुरजागडच्या लोहखाणीचे ट्रक एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने धावतात. पर्यावरण-परिणामाचे जाड अहवाल इंग्रजीत असतात, लोकांच्या भाषेत फक्त सारांश देण्याचे बंधन असते, आणि जनसुनावणीत गावकऱ्यांना अवघी दोन मिनिटे मिळतात. तो अहवाल पूर्ण वाचून त्यातील पाण्याचा तक्ता आपल्या गावच्या नाल्याशी ताडून पाहणारा भूगोलाचा किंवा रसायनशास्त्राचा पदवीधर एटापल्लीतच तयार व्हायला नको काय? मुलचेऱ्याच्या बंगाली वसाहती, सिरोंचाची तेलुगू, कोरचीची छत्तीसगढी, भामरागडची माडिया: भाषाभ्यासाच्या विद्यार्थ्याने आणखी कोठे जावे? 'भारतीय ज्ञानप्रणाली'चे श्रेयांक कोणा जुन्या ग्रंथातील श्लोकांवर खर्च होण्याऐवजी माडिया आजीला ठाऊक असलेल्या कंदमुळांच्या नोंदीवर खर्च झाले, तर नियमपुस्तिकेतील एक अक्षरही बदलावे लागत नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. तालुक्यातील तीन-चार महाविद्यालयांचे मिळून एक ऑनर्स केंद्र व्हावे. दोन मान्यताप्राप्त मार्गदर्शक एकाच इमारतीत हवेत हा हट्ट सोडून ते विद्यापीठाच्या विभागाकडून आणि शेजारच्या महाविद्यालयांकडून एकत्रित धरले जावेत; मार्गदर्शकाने महिन्यातून ठरलेले दिवस त्या केंद्रावर यावे आणि त्याचा प्रवासखर्च विद्यापीठाने द्यावा. विद्यार्थ्याने दोनशे किलोमीटर जाण्यापेक्षा प्राध्यापकाने जाणे स्वस्त पडते, हा साधा हिशेब आहे. चौथे वर्ष अनुदानित असले पाहिजे, यावर तर कसलीही तडजोड नको. १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकीची महाविद्यालये निघाली तेव्हा ती केवळ वरच्या शिक्षणापुरती व्यवस्था आहे असे सांगितले गेले. पुढे ते तत्त्व कोठवर झिरपत आले हे आपण पाहतो आहोत. चौथे वर्ष एकदा विनाअनुदानित ठरले की 'ऑनर्स' या शब्दाचा अर्थ 'फी भरू शकणारा' असा होईल. तेंदूच्या हंगामात ग्रामसभेच्या फळीवर केलेले हिशेबाचे काम कार्यानुभवाचे श्रेयांक म्हणून मान्य व्हावे. वसतिगृह व शिष्यवृत्ती चौथ्या वर्षाला आणि खंडानंतर परत येणाऱ्याला विनाशर्त लागू राहावी. आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर किती मुले गेली, कोणत्या जातीजमातीची, कोणत्या तालुक्याची, याची यादी विद्यापीठाने दर वर्षी छापावी.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे विचारले होते की रयतेच्या कष्टातून जमलेला महसूल वरच्या थरांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के होते. संशोधनासह ऑनर्सच्या पहिल्या तुकडीत ते किती असेल, हे पाहायला आपल्याला फार काळ थांबावे लागणार नाही.

पक्षाच्या तालुका शाखांनी या कामाला आत्ताच लागावे. आपापल्या महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांना विचारावे की चौथे वर्ष कोणत्या विषयात सुरू होणार, कायम शिक्षक किती, मार्गदर्शक किती, आणि उत्तर लेखी घ्यावे. बहुतेक प्राचार्य आनंदाने देतील. त्यांनाही वर पाठवायला कोणाचा तरी रेटा हवाच असतो. दुसरे काम अधिक रुक्ष आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. आपल्यापैकी शेकडो पदवीधर आहेत आणि नोंदणी मोजक्यांची आहे. निवडणूक जाहीर झाली की धावपळ करायची, आणि नाव यादीत नाही म्हणून परत फिरायचे, हे आम्ही म्हातारेही करत आलो. पदवीची प्रत आणि नोंदणीचा अर्ज एवढ्यावर हे काम होते. माझा अर्ज मी भरला आहे. धानोऱ्याच्या त्या मुलाला पदवी मिळेल तेव्हा त्याचाही भरून घेईन; तोवर त्याला वडिलांच्या वह्या जपून ठेवायला सांगितले आहे.